लॅम्बर्ट झॅस्ट्रोची टीम नेमकी कोणती

लॅम्बर्ट झॅस्ट्रो अर्धवट उत्तर देऊन मेला. त्याच्या बायकोला, व्हर्नाला, त्याच्या मरण्यापेक्षा या अर्धवटपणाचा राग जास्त आला.

कारण अर्धवट उत्तर देणं लॅम्बर्टच्या रक्तातच नव्हतं. मिलवॉकीच्या दक्षिण भागात त्याला ओळखणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी, रस्त्यात, खाटकाच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, न मागितलेली माहिती मिळालेली होती. जिराफाच्या मानेत माणसाइतकीच सात हाडं असतात. स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी म्हणजे शिंगवाला घोडा, जो जगात कुठे नाहीच. ब्रुकलिनच्या बेसबॉल टीमला एके काळी 'नवरदेव' म्हणत, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पाठोपाठ लग्नं उरकली होती. स्वतःच्या लग्नात पाद्री 'मरण येईपर्यंत' या शब्दांशी आला, तेव्हा लॅम्बर्टने व्हर्नाच्या कानात सांगितलं होतं की कासव दीडशे वर्षं जगतं. तेव्हाच उठून जायला हवं होतं, असं ती अधूनमधून म्हणायची. पण गेली नाही. मूलबाळ झालं नाही, आणि घरात बोलायचं काम एकट्या लॅम्बर्टनेच सांभाळलं.

शेवटी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. लॅम्बर्ट म्हणाला, ऑक्टोपसला तीन असतात. डॉक्टर गेल्यावर त्याने व्हर्नाला जवळ बोलावलं.

"मला जाळा. आणि राख माझ्या टीमच्या मैदानात टाक."

"कुठल्या टीमच्या?"

"सोपा प्रश्न आहे," लॅम्बर्ट म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

व्हर्नाला वाटलं, नेहमीसारखा ताणतोय. तिने वाट पाहिली. मग वैतागून म्हणाली, "बरं, हरले मी. सांग आता." तेवढ्यात नर्स आत आली, आणि व्हर्नाला कळलं की आता तो सांगणार नाही.

अंत्यविधीनंतरचं जेवण चेस्टर बुब्लिट्झच्या बारमध्ये होतं. दुसरीकडे कुठे असणार? त्या बारमध्ये दर रविवारी दुपारी प्रश्नमंजुषा व्हायची. प्रश्न विचारायचा स्वतः चेस्टर. तो उंच, वाळका, नेहमी दुखावल्यासारखा दिसणारा माणूस होता. आणि लॅम्बर्टच्या टीममध्ये लॅम्बर्ट सोडून दोघं: नळाच्या सामानाचं दुकान विकून मोकळा झालेला, गोल चेहऱ्याचा ड्वेन क्लूग, आणि लॅम्बर्टची धाकटी बहीण हिल्डी. हिल्डीने लग्न केलं नव्हतं, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती हातातली काठी चालण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त वापरायची. व्हर्ना रविवारी कधीच यायची नाही. रविवारची दुपार म्हणजे तिची शांतता होती.

हॅम घातलेले पाव आणि बटाट्याचं सॅलड संपत आलं, ब्रँडी दुसऱ्यांदा फिरली, तेव्हा व्हर्नाने लॅम्बर्टची शेवटची इच्छा सांगितली. राख तिने त्याच्या बोलिंगच्या, म्हणजे लाकडी सोंगट्या पाडायच्या खेळातल्या जड चेंडूच्या पिशवीत ठेवली होती. चेंडू काढून कपाटात टाकला, नवरा पिशवीत टाकला. वजन जवळजवळ तेवढंच भरलं.

"मग अडलंय कुठे?" ड्वेन म्हणाला. "आपले ब्रुअर्स. बेसबॉलची दुसरी टीम आहे कुठे आता गावात? मोठं स्टेडियम. सोमवारी तिकीट काढू, खिशातून थोडं थोडं सांडू."

"ब्रुअर्स?" हिल्डीने काठी आपटली. "ती सिएटलहून उचलून आणलेली टीम?"

"दिवाळखोरीत निघालेली टीम विकत घेतली. उचलली नाही."

"सत्तर साली हंगाम सुरू व्हायला आठवडा राहिला होता तेव्हा आली! अंगावर कपडे सिएटलचे! छातीवरची अक्षरं उसवून वर आपलं नाव शिवलं, तरी खालच्या खुणा दिसत होत्या. आणि तुला ती माझ्या भावाची टीम वाटते? लॅम्बर्टची टीम ब्रेव्ज. सत्तावन्न साली आम्ही जग जिंकलं. पासष्ट साली ते अटलांटाला पळाले, तेव्हा शेवटच्या सामन्याला लॅम्बर्ट माझ्या शेजारी बसून रडला."

"डोळ्यात सॉसेजवरची मोहरी गेली होती त्याच्या," ड्वेन म्हणाला. "मला त्यानेच सांगितलंय."

चेस्टर घसा खाकरत पुढे आला. "तुम्ही दोघंही चुकताय. या शहरात जन्मलेली मोठी टीम एकच. एकोणीसशे एक साली. एक वर्ष खेळली, सगळ्यात शेवटी आली, मग सेंट लुईसला गेली, आणि चोपन्न सालापासून ती बाल्टिमोरला आहे. लॅम्बर्ट हे माझ्याशी दर वसंतात बोलायचा. तर त्याला बाल्टिमोरला—"

"बाल्टिमोर!" हिल्डी आणि ड्वेन एकदम ओरडले. त्या दिवसात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

"जुन्या स्टेडियमचं काय?" व्हर्नाने विचारलं. "ते होतं ना, सॉसेजचा वास यायचा ते?"

"पाडलं," हिल्डी म्हणाली. "तिथे आता गाड्या लावतात. माझ्या भावावर कुणी ट्रक लावलेला मला चालणार नाही."

ड्वेन काही बोलायला तोंड उघडत होता, पण त्याने त्यात पाव कोंबला.

भांडण इतकं चढलं की ड्वेनने हिल्डीला 'अटलांटाची विधवा' म्हटलं आणि हिल्डीने बटाट्याच्या सॅलडचा चमचा त्याच्या दिशेने भिरकावला. चमचा चेस्टरला लागला. टायवरचं सॅलड पुसत चेस्टरने तोडगा काढला: येत्या रविवारी लॅम्बर्टच्या स्मरणार्थ प्रश्नमंजुषा. हिल्डी विरुद्ध ड्वेन. जिंकेल त्याने मैदान ठरवावं.

"माझा नवरा बक्षीस म्हणून ठेवणार तुम्ही?" व्हर्ना म्हणाली.

"त्याला आवडलं असतं," चेस्टर म्हणाला.

हे इतकं खरं होतं की व्हर्नाला नाही म्हणता येईना. शिवाय कुणीतरी एकदाचं ठरवून टाकावं, एवढंच तिला हवं होतं. तिला बेसबॉलमधलं एकच कळायचं: सामना संपत आलाय असं वाटतं तेव्हा तो संपत आलेला नसतो.

रविवारी बार खचाखच भरला. बोलिंगची पिशवी काउंटरवर, शेंगदाण्यांच्या वाटीशेजारी ठेवली होती. व्हर्ना पहिल्यांदाच आतमध्ये बसून हा प्रकार बघत होती आणि तिला कळत नव्हतं की लोक यासाठी घरचं जेवण सोडून येतात तरी का.

"ऑस्ट्रेलियाची राजधानी?"

"कॅनबेरा," हिल्डी म्हणाली. "शेंबड्या पोरांचे प्रश्न विचारू नकोस."

"एका हंगामात एकशे चौतीस सामने कोण हरलं?"

"क्लीव्हलँड. अठराशे नव्व्याण्णव," ड्वेन म्हणाला. "शेवटी शेवटी घरच्या मैदानावर कुणी बघायला येईना, म्हणून बाहेरगावी जाऊन हरायचे."

"पिट्सबर्गच्या टीमला 'चाचे' का म्हणतात?"

"दुसऱ्यांचा खेळाडू पळवला म्हणून. ज्यांचा पळवला त्यांनी शिवी दिली, आणि यांनी ती नाव म्हणून लावून घेतली." हिल्डीने ड्वेनकडे बघितलं. "निदान त्यांना चोर म्हणवून घ्यायची लाज नाही."

बरोबरी झाली. चेस्टरने शेवटचा प्रश्न काढला आणि नाक वर करून वाचला: "सत्तर साली सिएटलच्या टीमच्या सामानाचा ट्रक निघाला, पण टीम सिएटलची राहणार की मिलवॉकीची होणार, हे ठरलं नव्हतं. कुठे वळायचं हे कळेपर्यंत ट्रक कुठल्या राज्यात थांबला होता?"

हिल्डीने त्या टीमशी पन्नास वर्षांत संबंध ठेवला नव्हता. ती म्हणाली, नेव्हाडा.

"युटा," ड्वेन म्हणाला, आणि बारमध्ये एकच ओरडा झाला. ड्वेनला मिठ्या मारल्या गेल्या. चेस्टरने घंटा वाजवली. हिल्डी शांतपणे उठली, म्हणाली "मला बाथरूमला जायचंय," आणि गेली. मिठ्या मारून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं की शेंगदाण्यांशेजारी पिशवी नाही, आणि बाहेर हिल्डीची जुनी ब्यूइक गाडीही नाही.

"अटलांटा!" ड्वेन किंचाळला. "म्हातारी अटलांटाला निघाली!"

"सावकाश," व्हर्ना कोट चढवत म्हणाली. नणंदेला ती चांगली ओळखत होती. "तिला पाऊण तासाच्या वर लघवी धरवत नाही. पाऊण तासावर ते चीजचं दुकान आहे, राज्याच्या सरहद्दीच्या अलीकडे. तिथेच सापडेल. तुझी व्हॅन काढ."

तिथेच सापडली. दुकानाबाहेरच्या बाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीवर ताज्या चीजच्या गोळ्यांचा पुडा, आणि एकेक गोळी दाताखाली कचकचवत बसली होती. ड्वेन आरडाओरडा करायला पुढे झाला. व्हर्नाने त्याला दुकानात पिटाळलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसली.

"काय गं हे?" ती म्हणाली. "हरलीस ना? मग?"

"खाणार?" हिल्डीने पुडा पुढे केला.

"एकटी बाराशे किलोमीटर गाडी हाकणार होतीस? तुला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

"उजवीकडूनच जाणार होते." हिल्डी थोडा वेळ चीज चघळत राहिली. "मला तिथे एकटीला जायचं नव्हतं, व्हर्ना. म्हणून याला घेतला."

आणि मग तिने सांगितलं. एमेट टियर्नी नावाचा माणूस होता. ब्रेव्जच्या तिकीट खिडकीवर बसायचा. ब्रेव्ज बॉस्टनहून मिलवॉकीला आले तेव्हा त्यांच्याबरोबर आला होता, त्यांच्याबरोबरच अटलांटाला गेला. शेवटच्या सामन्याला, लॅम्बर्ट सॉसेज आणायला उठला तेव्हा, तो खिडकी बंद करून वर येऊन तिच्याशेजारी बसला आणि त्याने तिला बरोबर चल म्हटलं. ती पंचवीस वर्षांची होती. घरी येऊन तिने लॅम्बर्टला विचारलं. लॅम्बर्ट म्हणाला, जी टीम शहराच्या पाठीत सुरा खुपसून जाते, तिच्या माणसाच्या मागे जाशील तर मला तोंड दाखवू नकोस.

"आणि मी ऐकलं," हिल्डी म्हणाली. "पाच वर्षांनी हाच शहाणा सिएटलच्या टीमसाठी टोपी घालून नाचत होता. ती चोरीची टीम चालली याला. माझा माणूस नाही चालला."

व्हर्नाने पुड्यातली एक गोळी उचलली. एवढी वर्षं नाताळच्या जेवणाला हिल्डी लॅम्बर्टकडे न बघता "मीठ दे" म्हणायची, आणि लॅम्बर्ट नंतर म्हणायचा, ब्रेव्जवरून अजून चिडलीय. जगातली सगळी माहिती घरात आणणाऱ्या माणसाने ही एक बातमी मात्र आणलीच नव्हती. तिला नवऱ्याचा पुन्हा राग आला. आता मेलेल्या माणसावर किती वेळा चिडायचं?

"तो एमेट आहे अजून?"

"आहे. दर नाताळला छापील कार्ड पाठवतो. बायको गेली त्याची. वृद्धाश्रमात असतो, अटलांटाच्या बाहेर."

ड्वेन दुकानातून सॉसेज आणि मोहरीची बाटली घेऊन आला. व्हर्ना उठली.

"ड्वेन, व्हॅनमध्ये तेल किती आहे?"

"का?"

"आपण अटलांटाला चाललोय."

"पण मी जिंकलो!" ड्वेन म्हणाला.

"म्हणून तुला पुढे बसायला मिळेल," व्हर्ना म्हणाली.

हिल्डीची गाडी त्यांनी चीजच्या दुकानासमोरच सोडली. केंटकीत एका मोटेलात मुक्काम झाला. सकाळच्या नाश्त्याला व्हर्नाने पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली, तर वाढणाऱ्या बाईने चौथी प्लेट लावली. वाटभर ड्वेनने तोंडाला कुलूप लावलं नाही. अटलांटाला पोचल्यावर कुठे जाणार, असं तो मोठ्या आनंदाने विचारत होता. ब्रेव्ज तिथे गेले ते पहिलं मैदान सुरुंग लावून पाडलं. दुसरं बांधलं, वीस वर्षांत कंटाळले, ते कॉलेजच्या फुटबॉलला गेलं. आता तिसरं, तेसुद्धा शहराच्या हद्दीबाहेर.

"हे लोक मोज्यांसारखी मैदानं बदलतात," तो म्हणाला. "यातल्या कुठल्या मोज्यात लॅम्बर्ट घालायचा?"

"गाडी बघून चालव," हिल्डी म्हणाली. तिने मोटेलात ओठांना रंग लावला होता. ड्वेनने आरशातून तो बघितला आणि नवल म्हणजे त्यावर तो काही बोलला नाही.

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात झुलत्या खुर्च्यांची रांग होती. शेवटच्या खुर्चीवर एमेट टियर्नी बसला होता. लालबुंद, टुणटुणीत, डोक्यावर 'बी' अक्षराची विटलेली निळी टोपी. हिल्डी समोर उभी राहिली. त्याने चष्मा वर सरकवला.

"हिल्डी झॅस्ट्रो!" तो म्हणाला. "सॉसेज आणून द्यायचीस खिडकीवर! जास्तीचा कांदा घालून!"

हिल्डी गालात हसली. व्हर्नाने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ड्वेनने टोपी काढली आणि उगीचच छातीशी धरली.

"हा माझा भाऊ लॅम्बर्ट," हिल्डीने पिशवी दाखवली.

"अजून बोलिंग खेळतो?"

"मेला. पिशवीत आहे."

एमेटने पिशवी नीट न्याहाळली. "बारीक झालाय."

मग खुर्च्या ओढल्या गेल्या, लिंबाचं सरबत आलं. हवापाण्याचं बोलून झालं. शेवटी हिल्डीने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"एमेट, मी पासष्ट साली आले नाही ते याच्यामुळे. मला यायचं होतं. याने नाही म्हटलं. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी याला घेऊन आले."

"कुठे आली नाहीस?"

"इथे. अटलांटाला. तू बोलावलं होतंस तेव्हा."

एमेटच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो प्रामाणिकपणे आठवत होता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

"मी कधी बोलावलं?"

"शेवटच्या सामन्याला. अकरावा डाव चालू होता. तू म्हणालास, हिल्डी, अटलांटात हिवाळा एवढा कडक नसतो. तुझी सर्दी तिथे पळून जाईल."

"मग पळालीच असती की," एमेट म्हणाला. "थंडी कमीच असते इथे. मी हे सगळ्यांनाच सांगत होतो त्या दिवशी. फाटकाच्या चावीवाल्यालासुद्धा सांगितलं. त्याला दमा होता."

व्हरांड्यात दूरच्या खुर्चीवर कुणीतरी घोरत होतं. ड्वेनने सरबताच्या पेल्यात डोकं घातलं. व्हर्नाला वाटलं, आता हिल्डी काठी उचलणार. तिने उचललीही, पण फक्त टेकवून उभं राहायला.

"तू तरी असा कसा रे," हिल्डीचा आवाज चिरका झाला. "आमची टीम चोरून नेलीत ती नेलीत, आणि वर एका बाईला हवामान सांगून गेलास!"

"तुमची टीम?" आता एमेट ताठ झाला. हवामान विसरून तो एकदम जागा झाल्यासारखा दिसला. "तुमची कुठली? अठराशे एकाहत्तर सालापासून ती बॉस्टनची! आधी 'लाल मोजे', मग 'शेंगाखाऊ', मग 'कबुतरं', मधे 'मधमाश्या'सुद्धा नाव ठेवून झालं. त्रेपन्न साली तुम्ही मिलवॉकीवाल्यांनी नवं कोरं स्टेडियम दाखवून उचलून नेली. माझी आई स्वयंपाकघरात बसून रडली. तिच्या डोळ्यांत मोहरी नव्हती गेली!"

ड्वेन दचकला. हा माणूस मोहरीचं कुठून बोलला, हे त्याला कळेना. पण त्या स्टेडियमात मोहरीची सबब शेवटच्या सामन्यापासूनच प्रसिद्ध असावी.

"तुमच्याकडे तेरा वर्षं राहिली ती," एमेट पुढे म्हणाला. "पाहुणी होती. पाहुणे गेल्यावर पन्नास वर्षं कोण रडतं?" आणि त्याने टोपीला हात लावला. "ही माझ्या वडिलांची. बॉस्टनची. मी अजून बॉस्टनचाच आहे."

"मग इथे काय करतोयस?" हिल्डीने विचारलं.

"थंडी कमी असते," एमेट म्हणाला.

निघताना तो पायरीपर्यंत आला. हिल्डीला म्हणाला, कांदा जास्त घालायचीस ते मात्र खरंच आवडायचं. हे त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं. हिल्डीने त्याचा हात हातात घेतला, दोनदा हलवला आणि सोडला.

व्हॅनमध्ये ती मागे बसली. पिशवी मांडीवर. ड्वेनने किल्ली फिरवली नाही.

"एवढी वर्षं," हिल्डी म्हणाली. "एवढी वर्षं मी याच्याशी धड बोलले नाही."

"त्याला वाटायचं तू ब्रेव्जवरून रागावलीस," व्हर्ना म्हणाली.

"तसंच वाटू दिलं मी." हिल्डीने पिशवीची चेन सरळ केली. "मला न विचारलेल्या गोष्टीला याने नाही म्हटलं, आणि मी याला जन्मभर शिक्षा दिली. आणि हा बावळट! ती कासवं-बिसवं सांगत बसण्यापेक्षा एकदा तरी विचारायचं होतं, बाई, काय झालंय तुला?"

"तो विचारायचा नाही," व्हर्ना म्हणाली. "त्याला फक्त उत्तरं माहीत होती."

हिल्डीच्या नाकातून एक आवाज निघाला. व्हर्नाला वाटलं रडतेय, म्हणून तिने मागे हात केला. हिल्डी हसत होती. खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत, 'चावीवाल्याला दमा होता' असं म्हणत ती हसत सुटली. ड्वेनने रुमाल पुढे केला. त्याला सॉसेजचा वास येत होता. तिने तो तरीही वापरला.

"मग?" ड्वेन हळूच म्हणाला. "तिसऱ्या मोज्याकडे घेऊ गाडी?"

"खबरदार," हिल्डी म्हणाली. "लॅम्बर्टचा एक कणसुद्धा या गावात सांडायचा नाही. घरी चल."

परतीच्या वाटेवर, इंडियानाच्या सपाट शेतांमधून जाताना, ड्वेनने कबुली दिली. जुनं स्टेडियम पाडलं त्या जागी सगळीच पार्किंग नाही. मधोमध, जुनं मैदान होतं तिथेच, एक छोटं मैदान ठेवलंय. भाड्याने मिळतं. ब्रेव्ज तिथेच खेळले, ब्रुअर्सही तिथेच खेळले.

व्हर्ना सीटवर वळून बसली. "हे तुला माहीत होतं? त्या दिवशी, जेवणाला?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर हिल्डी अर्धी जिंकली असती," ड्वेन म्हणाला.

"मलाही माहीत होतं," मागून हिल्डी म्हणाली. "पण मग तो अर्धा जिंकला असता."

व्हर्नाने दोघांना लॅम्बर्टची पिशवी फेकून मारायचा विचार केला. मग तिने फक्त गाडी थांबवायला लावली आणि स्वतः चालवायला घेतली, कारण या दोघांच्या हाती आता काहीच द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

पुढच्या शनिवारी त्या छोट्या मैदानावर दातांच्या दवाखान्यातल्या लोकांचा टायरच्या दुकानातल्या लोकांशी सामना होता. मोठं स्टेडियम पलीकडे रिकामं उभं होतं. टायरवाल्यांनी कडेला शेगडी पेटवली होती आणि सॉसेज भाजत होते. चेस्टरही आला होता, काळा कोट घालून. बाल्टिमोरचं अजून एकदा ऐकून घ्या, असं तो म्हणत होता. कुणी ऐकलं नाही.

सामना सुरू व्हायच्या आधी व्हर्ना पिशवी घेऊन मैदानात उतरली. फलंदाज उभा राहतो त्या पाटीपासून तिसऱ्या टप्प्यापर्यंत पांढरी चुन्याची रेघ ओढलेली होती; चेंडू तिच्या बाहेर पडला तर फटका फुकट. तिने पिशवी उघडली, आतल्या डब्याचं झाकण काढलं आणि रेघेवरून चालत हळूहळू ओतू लागली.

"मॅडम," टायरवाल्यांचा कप्तान ओरडला, "रेघ मारून झालीय!"

"दुसरा हात मारतेय," व्हर्ना म्हणाली.

हिल्डी रेघेच्या एका बाजूने काठी टेकत चालत होती, ड्वेन दुसऱ्या बाजूने. मध्येच हिल्डीने डबा मागितला आणि थोडंसं तिने ओतलं. भावाला ती काहीतरी पुटपुटली. व्हर्नाने मुद्दाम ऐकलं नाही. मग थोडं ड्वेनने ओतलं, आणि शेवटचं चेस्टरने, कारण तो फारच केविलवाणा दिसत होता.

सामना सुरू झाला. ते सगळे बाकावर बसले. व्हर्नाने एक सॉसेज घेतलं. दुसऱ्याच डावात एका जाड्या टायरवाल्याने बॅट अशी फिरवली की चेंडू डाव्या कडेला उंच गेला, खाली आला आणि बरोब्बर रेघेवर आपटला. राखाडी पांढरा ढग उडाला.

"आत!" टायरवाले ओरडले.

"बाहेर!" दातवाले ओरडले. "रेघेच्या पलीकडे पडला!"

"आत!" ड्वेन उठून धावला.

"बाहेर होता रे आंधळ्या!" हिल्डी काठी उगारत त्याच्या मागे निघाली. चेस्टर नियम सांगू लागला. पंच म्हणून उभी असलेली दातवाल्यांकडची बाई म्हणाली, मला दिसलंच नाही, केवढी धूळ उडाली. मग दोन्ही टीमा रेघेभोवती जमल्या. कुणी गुडघ्यावर बसून खूण बघू लागलं, कुणी दुसऱ्याच्या छातीला बोट लावू लागलं, आणि सगळे एकदम बोलत होते.

व्हर्ना बाकावरून उठली नाही. तिने सॉसेजवर मोहरी ओतली, एक मोठा घास घेतला आणि भांडण किती वेळ चालतं ते बघत बसली. तिला घाई नव्हती.